बेळगाव भागात जुनं रिव्हॉल्वर घ्यायचं असेल तर

माझ्या पहिल्या रिव्हॉल्वरचा व्यवहार आठ महिने अडकला, तो एका आकड्यामुळे. विकणारे गृहस्थ सज्जन, हत्यार कोरं करकरीत म्हणावं असं, भावही परवडणारा. मी वीस हजार रुपये विसार देऊन मोकळा झालो. नंतर दुकानदाराने फ्रेमवर टॉर्च मारला, भिंगातून नंबर वाचला आणि परवान्याचं पुस्तक माझ्यासमोर सरकवलं. हत्यारावर शेवटचा आकडा ८ होता आणि पुस्तकात ३. कधीतरी जुन्या पुस्तकातून नव्या पुस्तकात नोंद उतरवताना लिहिणाऱ्याचा हात चुकला होता. पुढे प्रत्येक नूतनीकरणाला तोच ३ चालत आला. मूळ नोंद शोधून ती दुरुस्त होईपर्यंत ते रिव्हॉल्वर कायद्याच्या दृष्टीने त्या गृहस्थांचं नव्हतं, मग माझं कुठून होणार?

तेव्हापासून मला विचारायला येणाऱ्या प्रत्येकाला मी सांगतो की जुनं हत्यार घेताना आपण आधी त्याचा कागद विकत घेतो आणि मग लोखंड. कागद चोख असेल तर लोखंडाची किरकोळ खोड कारागीर काढून देतो. कागदात खोट असेल तर नवंकोरं लोखंडही गळ्यात धोंडा होऊन बसतं.

पहिली पायरी तुमच्या स्वतःच्या परवान्याची

परवाना नसताना हत्यार 'बघून ठेवणं', विसार देणं, ओळखीच्याकडून दोन दिवस घरी आणणं, यातलं काहीही करू नका. बिगरपरवाना साधं (प्रतिबंधित वर्गात न मोडणारं) हत्यार बाळगण्याची शिक्षा शस्त्र कायद्याच्या २०१९ च्या दुरुस्तीनंतर किमान २ वर्षं आणि जास्तीत जास्त ५ वर्षं कैद अशी आहे. गावठी कट्ट्याबद्दल तर बोलायलाच नको. तो तुरुंगात नेतो, शिवाय कधी हातातच फुटेल याचा भरवसा नाही.

वय २१ पूर्ण हवं. अर्ज नमुना ए-१ मध्ये, एनडीएएल-एएलआयएस या केंद्रीय पोर्टलवर भरायचा आणि त्याची प्रत कागदपत्रांसह आपल्या परवाना कार्यालयात द्यायची. बेळगाव शहरात २०१४ पासून पोलीस आयुक्तालय आहे, त्यामुळे आपलं घर आयुक्तालयाच्या हद्दीत येतं की जिल्हा पोलिसांच्या, हे आधी पाहा. चौकशीची फाईल त्यानुसार वेगळ्या वाटेने जाते. सोबत वैद्यकीय दाखला आणि हत्यार सुरक्षित हाताळण्याच्या प्रशिक्षणाचा दाखला लागतो. प्रशिक्षणाकडे नुसती औपचारिकता म्हणून बघू नका. चार तास मन लावून शिकलात तर पुढे जन्मभर उपयोग होतो.

आपल्या मराठी माणसाची इथे एक हमखास अडचण होते. ठाण्यातली चौकशी आणि जबाब कन्नडमध्ये लिहिले जातात. खानापूरच्या पश्चिमेकडच्या गावांतली कितीतरी माणसं कन्नड बोलून वेळ निभावतात, पण वाचता येत नाही. जबाब कुणाकडून तरी ओळ न् ओळ वाचून घ्या, मगच सही करा. 'जीवाला धोका' म्हणून तुम्ही जे सांगितलं ते तसंच उतरलंय का, घराचा सर्व्हे नंबर बरोबर आहे का, नावाचं स्पेलिंग आधार कार्डाशी जुळतं का, हे त्याच वेळी बघितलं तर पुढचे सहा हेलपाटे वाचतात.

कारण खरं लिहा. रानडुकरं उसात शिरतात म्हणून रिव्हॉल्वर मागणारे अर्ज मी पाहिलेत. पीक राखायला रिव्हॉल्वरचा काडीचा उपयोग नाही, आणि वन्यप्राण्यावर हत्यार चालवणं हा १९७२ च्या वन्यजीव कायद्याचा वेगळाच विषय आहे. एकट्या शेतघरात राहणं, धंद्याची रोकड रात्री नेणं, पूर्वी झालेला हल्ला, असं काही कारण असेल तर त्याचे पुरावे जोडा. कोडगूच्या (कूर्गच्या) लोकांना परवाना लागत नाही, मग आपल्याला का, असंही कुणी कुणी विचारतं. ती सवलत कोडवा समाजाला आणि जम्मा (तिथली वंशपरंपरेची) जमीनधारकांना आहे, ब्रिटिश काळापासून चालत आलेली आणि केंद्राने २०२९ पर्यंत वाढवलेली. राज्य एकच असलं तरी बेळगावला तिचा काही संबंध नाही.

परवाना मिळाला की पुस्तकातल्या चार गोष्टी नीट वाचा: यूआयएन (केंद्रीय पोर्टलवरचा परवान्याचा ओळख क्रमांक), मंजूर हत्याराचा प्रकार, खरेदीची मुदत आणि परवाना चालण्याचं क्षेत्र. घरात आजोबांची बारा बोअरची बंदूक तुमच्या नावावर असेल तर तीही मोजली जाते. २०१९ पासून एका माणसाला जास्तीत जास्त दोनच हत्यारं ठेवता येतात, पूर्वी तीन चालत.

स्वस्त म्हणजे नेमकं काय

आपल्याकडे जुन्या रिव्हॉल्वरचा बाजार उलटा चालतो. जुनी गाडी नव्यापेक्षा स्वस्त, हे गणित इथे विदेशी हत्याराला लागू पडत नाही. सामान्य माणसासाठी परदेशी हत्यारांची आयात १९८० च्या दशकात बंद झाली. त्यामुळे त्याआधी देशात आलेली वेब्ली अँड स्कॉट, स्मिथ अँड वेसन, कोल्ट ही रिव्हॉल्वरं हातोहात फिरत राहिली आणि त्यांचे भाव चढत गेले. नावासाठी लाखो रुपये मोजायचे नसतील तर त्यांच्या नादाला लागू नका. शिवाय त्यांचा एखादा सुटा भाग मोडला तर तो मिळवताना घाम फुटतो.

परवडणाऱ्या भावात खरा पर्याय एकच, आयुध कारखान्याचं .३२ बोअरचं देशी रिव्हॉल्वर. जुन्या वेब्लीच्या घडणीवरचं, मधोमध मोडून उघडणारं, सहा गोळ्यांचं. कानपूरला बनतं. २०२१ मध्ये आयुध कारखाने मंडळाच्या सात कंपन्या झाल्या, तेव्हापासून हे काम एडब्ल्यूईआयएल या कानपूरच्या कंपनीकडे आहे. याची काडतुसं आपल्या पुण्याच्या खडकीची, बुडावर 'केएफ' असा ठसा असतो. सुटे भाग मिळतात, कारागिरांच्या हाताला ते ओळखीचं आहे, गोळ्या दुकानात असतात. स्वस्त हत्यार निवडताना मी या तीन गोष्टींना सगळ्यात जास्त महत्त्व देतो.

नवं घ्यायचं म्हटलं तर आयुध कारखान्यांचं 'निर्भीक' हे हलकं .३२ रिव्हॉल्वर २०१४ मध्ये आलं तेव्हाच त्याची किंमत सव्वा लाखाच्या आसपास होती. .२२ चं 'निडर' त्याहून बरंच स्वस्त आणि जेमतेम पाव किलोचं. २०२३ मध्ये 'प्रबळ' आलं, त्याचं सिलिंडर (गोळ्या भरायचं फिरतं नळकांडं) बाजूला उघडतं. नव्या रिव्हॉल्वरवर २८ टक्के जीएसटी होता, तो सप्टेंबर २०२५ पासून ४० टक्के झाला. खाजगी माणसाकडून वापरलेलं घेण्याकडे लोक वळतात त्याचं मोठं कारण हे आहे.

हत्यार शोधायचं कुठे

परवानाधारक दुकान ही सगळ्यात सुरक्षित जागा. विकणारा आपलं हत्यार दुकानात जमा करतो, दुकानदार दोन्ही परवाने तपासतो, पावती देतो, रजिस्टरला नोंद करतो. त्याचा मोबदला द्यावा लागतो आणि तो देण्यासारखा असतो.

बेळगाव म्हणजे मराठा लाइट इन्फंट्रीचं गाव. घरटी नाही तरी वाड्यावाड्यात निवृत्त फौजी आहेत, आणि त्यांच्यापैकी बऱ्याच जणांनी नोकरीत असताना परवाना काढलेला असतो. त्यांची हत्यारं सहसा निगुतीने ठेवलेली असतात. पण परवाना कोणत्या राज्यातला, तो इथे आल्यावर आपल्या जिल्ह्यात नोंदवला का, यूआयएन पोर्टलवर दिसतो का, हे विचाराच. जम्मू-काश्मीरमधून २०१२ ते २०१६ या काळात दिल्या गेलेल्या परवान्यांची सीबीआयने मोठी चौकशी केली, तेव्हा तिथला जुना परवाना असेल तर दुप्पट बारकाईने बघायचं. यात त्या जवानाचा अपमान नाही. तोही मनातून निश्चिंत होतो.

दुसरी हत्यारं येतात ती वारसांकडून. वडील गेले, मुलाला हत्यार नको, आई म्हणते घरातून काढून टाक. अशा घरी रिव्हॉल्वर कपाटात पडून असेल तर तुम्ही ते हातातसुद्धा घेऊ नका. परवानाधारक गेल्यावर ते हत्यार पोलीस ठाण्यात किंवा परवानाधारक दुकानात जमा करायचं असतं आणि मग वारसाने स्वतःच्या नावावर परवाना मागायचा किंवा विकायचं. त्या माउलीला आधी एवढं समजावून सांगा, मुलासोबत जाऊन जमा करायला लावा, पावती घ्यायला सांगा. व्यवहार नंतर.

४५ दिवसांची अट

शस्त्र कायद्याचं कलम ५ खाजगी माणसाला आपलं हत्यार परवानाधारकाला विकायची मुभा देतं, पण दोन अटींवर. विकणाऱ्याने जिल्हा दंडाधिकाऱ्यांना किंवा जवळच्या पोलीस ठाण्याला लेखी कळवायचं, त्यात तुमचं नाव-पत्ता द्यायचा. आणि ते कळवल्यापासून किमान ४५ दिवस उलटल्याशिवाय हत्यार तुमच्या हातात द्यायचं नाही. त्या पत्रावर पोच शिक्का मारून घ्या आणि एक प्रत तुमच्याकडे ठेवा, कारण उद्या तारखेचा वाद झाला तर तुमच्या बाजूने बोलणारा तेवढा एकच कागद असतो. पैसेही बँकेतूनच द्या. विसार द्यायचाच असेल तर पोच मिळाल्यावर, आणि 'नोंदीत तफावत निघाल्यास परत' असं लिहून घेऊन. माझे वीस हजार परत मिळाले ते समोरच्याच्या चांगुलपणामुळे, माझ्या हुशारीमुळे नाही.

निवडणुकीचा काळ टाळा. आचारसंहिता लागली की हत्यारं ठाण्यात जमा होतात, कार्यालयातली माणसं त्या कामात गुंततात आणि तुमची फाईल तळाला जाते.

सीमा ओलांडताना

ही गोष्ट गुलबर्ग्याच्या किंवा पुण्याच्या माणसाला जितकी सांगावी लागत नाही तितकी आपल्याला लागते. आपलं जगणं दोन-तीन राज्यांत पसरलेलं. शेत खानापुरात, सासुरवाडी गडहिंग्लजला, दवाखाना बेळगावात, भाऊ गोव्यात. बेळगावहून वेंगुर्ला रस्त्याने निघालं की बोलता बोलता शिनोळी येतं आणि चंदगड तालुका सुरू होतो. निपाणीकराला कोगनोळी ओलांडली की कागल. आपल्याला ती सीमा जाणवतही नाही. परवान्याला जाणवते. पुस्तकात क्षेत्र 'कर्नाटक राज्य' असेल तर कोगनोळी नाक्यापलीकडे तेच रिव्हॉल्वर बिगरपरवाना ठरतं. आंबोलीच्या किंवा चोर्ल्याच्या वाटेवरही तेच. लग्नाला निघताना गाडीत राहून गेलं, ही सबब तपासणीत चालत नाही.

म्हणून विकणारा कोल्हापूर किंवा सांगली जिल्ह्यातला असेल तर मला विचाराल तर सौदा सोडा आणि आपल्या जिल्ह्यात शोधा. फारच मनात भरलं असेल तर दोन्ही बाजूंच्या परवाना कार्यालयांची लेखी मंजुरी घ्या आणि हत्याराची ने-आण दुकानदारामार्फत होऊ द्या. त्याने खिशात घालून इकडे यायचं नाही, तुम्ही आणायला तिकडे जायचं नाही.

हत्यार तपासायचं कसं

दुकानात जा, दिवसाउजेडी जा, घाई असेल त्या दिवशी जाऊ नका. सोबत छोटा टॉर्च, भिंग, पांढऱ्या कागदाचा तुकडा आणि टॅपेट सेट करायला मोटारसायकलचा मेकॅनिक वापरतो ती फिलर गेज (फट मोजायच्या पातळ पट्ट्या). जवळपास एकही काडतूस असता कामा नये.

दुकानदाराला उघडायला सांगा. सिलिंडरमधली गोळ्यांची सहाही घरं डोळ्यांनी पाहा आणि करंगळीचं टोक लावून चाचपा. हातात घेतल्यापासून खाली ठेवेपर्यंत नळी कुणाकडेही वळवायची नाही आणि गरजेशिवाय बोट चापावर (ट्रिगरवर) ठेवायचं नाही.

मग नंबर. फ्रेमवरचा नंबर भिंगातून एकेक आकडा मोठ्याने वाचा आणि दुसऱ्याला पुस्तकातला वाचायला सांगा. ३ आणि ८, १ आणि ७, ५ आणि ६ यांत घोळ होतो. इतर भागांवर नंबर असतील तर तेही जुळवा. आकड्यांच्या कडा गोलसर, पुसट दिसल्या तर घासून नवं काळं पॉलिश चढवलेलं असतं. नंबर खोडलेला किंवा वाचता न येणारा असेल तर तिथेच उठा. ज्याच्याकडे असं हत्यार सापडेल त्यानेच नंबर खोडला असं शस्त्र कायद्याचं कलम ८ गृहीत धरतं.

आता मूठ एका हातात धरून दुसऱ्या हाताने नळी वर-खाली आणि डावी-उजवीकडे हलवून बघा. मोडून उघडणाऱ्या रिव्हॉल्वरचा जीव बिजागरीत आणि वरच्या खटक्यात असतो. बंद करताना 'खट्' असा एकच कोरडा आवाज यायला हवा. जुन्या पेटीच्या झाकणासारखी खुळखुळ ऐकू आली किंवा बोटांना सांध्यात चाळा जाणवला तर भाव कितीही कमी असो, घेऊ नका. बिजागरी सैल झालेलं हत्यार दुरुस्तीत पैसा खातं आणि तरी पहिल्यासारखं होत नाही. उघडल्यावर काडतुसं बाहेर ढकलणारी चांदणी सरळ वर येऊन झटकन परत बसते का, तेही पाहा.

यानंतरची तपासणी सगळ्यात महत्त्वाची, आणि ती बहुतेक जण करत नाहीत. दुकानदाराची परवानगी घेऊन सिलिंडरवर बोट हलकं टेकवा आणि घोडा (मागचा हातोडा) अगदी सावकाश मागे ओढा. घोडा पूर्ण चढण्याच्या आत सिलिंडर आपल्या जागी अडकलं पाहिजे. घोडा चढला आणि सिलिंडर अजून केसभर फिरतंय, असं झालं तर त्या घराचं तोंड नळीशी जुळत नाही. अशा वेळी गोळी तिरकी शिरते, शिसं तासलं जातं आणि त्याचे कण बाजूला उभ्या असलेल्याच्या तोंडावर उडतात. हे सहाही घरांसाठी करा. मी पाहिलेल्या एका रिव्हॉल्वरची पाच घरं चोख बसत होती आणि सहावं नाही. विकणाऱ्यालाही ते माहीत नव्हतं. प्रत्येक वेळी घोडा अंगठ्याने धरूनच हळू खाली आणा, रिकाम्या घरावर खटाखट आपटू नका.

घोडा चढलेला असताना अंगठ्याने त्याला मागून पुढे दाबून बघा. चाप न ओढता तो पडला तर ते हत्यार धोक्याचं आहे.

सिलिंडर आणि नळी यांच्यामधली फट फिलर गेजने मोजा. ०.१० ते ०.२५ मिलिमीटर ठीक. त्याहून जास्त असेल तर खूप वापर झालाय किंवा सांधा झिजलाय. शेवटी नळी. उघडलेल्या नळीच्या मागच्या तोंडाशी पांढरा कागद धरा, त्यावर टॉर्च मारा आणि पुढून बघा. आतल्या पिळाच्या कडा स्वच्छ दिसल्या पाहिजेत. मध्येच काळी अंगठी दिसली तर कधीतरी गोळी आत अडकून वर दुसरी झाडली गेली आहे आणि नळी फुगली आहे. बारीक खड्डे दिसले तर ती गंजाची खूण.

गंजाबद्दल दोन शब्द जास्त बोलतो, कारण आपल्याकडे तो हत्याराचा खरा शत्रू. जांबोटी-कणकुंबीच्या पावसात चामड्याच्या म्यानात ठेवलेलं रिव्हॉल्वर एका पावसाळ्यात डागाळतं, कारण चामडं ओल धरून ठेवतं. पट्ट्याच्या चामडी फासांत राहिलेल्या काडतुसांवर हिरवा थर चढतो. विकणारा म्यानासकट हत्यार देत असेल तर म्यानात जिथे सिलिंडर टेकतं तो भाग बघा. चामड्यावर तांबूस डाग असेल तर हत्यारावर तीच जागा पुन्हा तपासा. त्याच्याकडची जुनी काडतुसं मात्र घेऊ नका, स्वतःच्या परवान्यावर दुकानातून नवी घ्या.

'शेतात नेऊन एक बार काढून बघू' असं कुणी म्हटलं तर साफ नकार द्या. रेंजशिवाय चाचणी नाही. लग्न-वरातीतल्या आनंदाच्या गोळीबाराला तर २ वर्षांपर्यंत कैद किंवा १ लाखापर्यंत दंड किंवा दोन्ही, अशी शिक्षा आहे.

घरी आणल्यावर

दुकानाची पावती, विकणाऱ्याच्या पुस्तकातून हत्यार कमी झाल्याची नोंद आणि तुमच्या पुस्तकात चढल्याची नोंद, हे तिन्ही हातात असल्याशिवाय हत्यार घरी आणू नका. कार्यालयाला हत्यार दाखवायची मुदत पुस्तकात लिहिलेली असते, ती पहिल्या आठवड्यातच उरका.

ठेवायची जागा आधी तयार करा. भिंतीत पक्की बसवलेली लोखंडी तिजोरी, किल्ली एकाकडे, काडतुसं वेगळ्या कुलुपात. उशीखाली किंवा गाडीच्या डॅशबोर्डमध्ये कधीच नको. घरात लहान मुलं असतील, कुणाला दारूचं व्यसन असेल, किंवा कुणी मनाने खूप खचलेलं असेल, तर हत्यार काही काळ दुकानात पावती घेऊन जमा ठेवा. माझ्या ओळखीच्या एका घराने हे वेळेवर केलं. मुलगा आज ठणठणीत आहे, आणि ते हत्यार अजून दुकानातच आहे, त्याची कुणाला आठवणही येत नाही.

परवाना आता ५ वर्षांचा असतो. संपायच्या दोन-तीन महिने आधीची तारीख कॅलेंडरवर लिहून ठेवा. नूतनीकरणाचं पुस्तक हातात पडलं की काउंटरवरून हलू नका. तिथेच उभं राहून हत्याराचा नंबर जुन्या पानाशी एकेक आकडा करून जुळवा.